रामन वर्णपटविज्ञानातील लेसर तरंगलांबीची निवड

रामन वर्णपटविज्ञानातील लेसर तरंगलांबीची निवड ही रामन प्रयोगाच्या आखणीतील पहिली आणि बहुधा सर्वांत निर्णायक पायरी होय. नमुन्यावर कोणत्या तरंगलांबीचा एकवर्णी प्रकाश टाकला जातो यावर मिळणाऱ्या संकेताची तीव्रता, त्याच्या पार्श्वभूमीवरील अनुस्फुरण, नमुना तापण्याची किंवा जळण्याची शक्यता, वर्णपटाचे विभेदन आणि उपकरणाची किंमत अवलंबून असते. रामन स्थानांतर, म्हणजे आपाती व प्रकीर्णित प्रकाशाच्या तरंगसंख्यांमधील फरक, हे रेणूच्या किंवा स्फटिकाच्या कंपनांवरून ठरते. ते लेसर बदलल्याने सहसा बदलत नाही. त्यामुळे कोणताही लेसर चालेल असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात एका लेसरखाली स्वच्छ दिसणारी रेषा दुसऱ्याखाली पूर्णपणे झाकली जाऊ शकते.

सर्व पदार्थांना सारखी लागू पडणारी तरंगलांबी नाही. या लेखात निवडीची सामान्य तत्त्वे दिली असून उदाहरणे मुख्यत्वे चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत आढळणाऱ्या द्रव्यांची घेतली आहेत. मार्कंडा येथील मंदिरांसारखा वालुकाश्म, लोहखनिज, दगडी कोळसा, सागवान आणि खर्ऱ्यामुळे बाधित होणारी मुखातील ऊती यांच्या गरजा एकमेकींपासून इतक्या भिन्न आहेत की निवडीचे जवळजवळ सर्व प्रश्न त्यांत येऊन जातात.

पार्श्वभूमी

चंद्रशेखर वेंकट रामन व के. एस. कृष्णन यांनी कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत २८ फेब्रुवारी १९२८ रोजी हा परिणाम निश्चित केला. आरंभीच्या प्रयोगांत गाळणीतून काढलेला सूर्यप्रकाश आणि नंतर पाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश वापरला गेला. पुढील तीन दशके पाऱ्याची ४३५.८ नॅनोमीटरची निळी रेषा हाच रामन प्रयोगांचा मुख्य प्रकाशस्रोत होता. तरंगलांबी निवडण्याचा प्रश्नच तेव्हा फारसा उद्भवत नसे. रामन यांच्या सहकाऱ्यांना १९२३ पासून द्रवांमध्ये जो क्षीण प्रकाश दिसत होता तो प्रथम अनुस्फुरणच समजला गेला होता. द्रव पुन्हापुन्हा शुद्ध करूनही तो नाहीसा होत नाही आणि तो ध्रुवित असतो, हे लक्षात आल्यावर त्याचे वेगळेपण उमगले. अनुस्फुरणापासून रामन संकेत वेगळा काढण्याची अडचण अशा रीतीने या शास्त्राच्या जन्मापासूनच त्याच्या सोबत आहे.

१९६० मध्ये लेसरचा शोध लागला आणि दोनच वर्षांत माणकाच्या लेसरने रामन वर्णपट घेण्यात आले. त्यानंतर हेलियम-निऑन लेसर (६३२.८ नॅनोमीटर) आणि अरगॉन आयन लेसर (४८८ व ५१४.५ नॅनोमीटर) प्रयोगशाळांत रूढ झाले. १९८६ मध्ये १०६४ नॅनोमीटरच्या निओडिमियम-याग लेसरवर आधारित फूरिये-रूपांतर पद्धती पुढे आली. आज ५३२ नॅनोमीटरचा हिरवा घन-अवस्था लेसर आणि ७८५ नॅनोमीटरचा अर्धवाहक डायोड लेसर यांचा वापर सर्वाधिक होतो. त्यांखेरीज ३२५, ४०५, ४५७ व ८३० नॅनोमीटरचे लेसरही उपलब्ध आहेत.

संकेताची तीव्रता

रामन प्रकीर्णन अत्यंत दुर्बळ असते. नमुन्यावर पडणाऱ्या दर दहा लाख ते दहा कोटी फोटॉनांपैकी साधारण एकच फोटॉन अशा रीतीने विखुरतो. या प्रकीर्णनाची तीव्रता प्रकाशाच्या कंप्रतेच्या चौथ्या घाताच्या जवळपास समप्रमाणात असते. इतर सर्व परिस्थिती समान धरली तर ५३२ नॅनोमीटरचा लेसर ७८५ नॅनोमीटरच्या तुलनेत सुमारे ४.७ पट आणि १०६४ नॅनोमीटरच्या तुलनेत १६ पट संकेत देतो. ज्या मोजणीस हिरव्या लेसरने १० सेकंद पुरतात तिला १०६४ नॅनोमीटरने केवळ या एका कारणामुळे अडीच मिनिटांहून अधिक वेळ लागेल.

यात अभिज्ञातकाच्या मर्यादेची भर पडते. क्वार्ट्‌झची ४६४ प्रति सेंटिमीटर ही प्रमुख रेषा ५३२ नॅनोमीटरच्या लेसरने ५४५.५ नॅनोमीटरवर, ७८५ नॅनोमीटरच्या लेसरने ८१४.७ नॅनोमीटरवर, तर १०६४ नॅनोमीटरच्या लेसरने सुमारे १११९ नॅनोमीटरवर पडते. सिलिकॉनवर आधारित सीसीडी अभिज्ञातक पहिल्या दोन ठिकाणी उत्तम काम करतो. तिसऱ्या ठिकाणी तो जवळपास आंधळा असतो आणि तेथे इंडियम-गॅलियम-आर्सेनाइडचा, अधिक गोंगाट असलेला अभिज्ञातक वापरावा लागतो. ७८५ नॅनोमीटरलाही ही अडचण पूर्णपणे टळत नाही. कार्बन-हायड्रोजन बंधांच्या ३००० प्रति सेंटिमीटरजवळच्या रेषा या लेसरने १०२७ नॅनोमीटरच्या आसपास येतात आणि तेथे सिलिकॉनची संवेदनशीलता झपाट्याने घसरलेली असते. चरबीयुक्त किंवा बहुवारिक नमुन्यांत याच रेषा अभ्यासायच्या असतील तर ७८५ नॅनोमीटरची निवड गैरसोयीची ठरते.

अनुस्फुरण

केवळ तीव्रतेचा विचार असता तर सर्वत्र निळा किंवा हिरवा लेसरच वापरला गेला असता. लांब तरंगलांबीकडे वळण्याचे मुख्य कारण अनुस्फुरण हे आहे. नमुन्यातील एखादे द्रव्य लेसरचा प्रकाश शोषून घेते आणि अधिक लांब तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकते. त्याची तीव्रता रामन संकेताच्या लाखो पट असू शकते. एखाद्या अपद्रव्याचा लवलेशही त्यास पुरतो. अशा वेळी वर्णपटात उंच, रुंद चढण दिसते आणि तिच्या गोंगाटात रामन रेषा बुडून जातात. संगणकाने पार्श्वभूमी वजा करता येते, पण तिच्यासोबत आलेला गोंगाट वजा करता येत नाही, ही गोष्ट नवख्या अभ्यासकांच्या ध्यानात बरेचदा उशिरा येते.

लेसरच्या फोटॉनची ऊर्जा जितकी कमी तितकी इलेक्ट्रॉनीय शोषणाची आणि पर्यायाने अनुस्फुरणाची शक्यता कमी. म्हणून जैविक व सेंद्रिय नमुन्यांसाठी ७८५, ८३० किंवा १०६४ नॅनोमीटर पसंत केले जातात. याच्या उलट टोकाला २५० नॅनोमीटरहून आखूड जंबुपार लेसर असतात. त्यांनीही अनुस्फुरण होते, परंतु ते बहुधा २७० नॅनोमीटरच्या पलीकडे सुरू होते आणि रामन वर्णपट त्याआधीच संपलेला असतो. मंगळावरील पर्सिव्हिअरन्स या बग्गीवर दोन्ही प्रकारची उपकरणे आहेत: शेरलॉक हे २४८.६ नॅनोमीटरचा, तर सुपरकॅम हे दूरस्थ मापनासाठी ५३२ नॅनोमीटरचा लेसर वापरते.

लांब तरंगलांबी म्हणजे अनुस्फुरणापासून सुटका, हा नियम सरसकट खरा नाही. काही विरल मृदा मूलद्रव्ये ७८५ नॅनोमीटरनेच उद्दीपित होतात आणि ॲपेटाइटसारख्या खनिजांत ८६० ते ९०० नॅनोमीटरच्या भागात तीक्ष्ण रेषा देतात. प्रयोगशाळेतील साधी काचेची पट्टीसुद्धा ७८५ नॅनोमीटरखाली १४०० प्रति सेंटिमीटरजवळ रुंद फुगवटा दाखवते. तो नमुन्याचा गुणधर्म समजला जाऊ नये म्हणून अशा वेळी कॅल्शियम फ्ल्युओराइडची किंवा गुळगुळीत पोलादाची पट्टी वापरतात.

एखादी रेषा रामनची की अनुस्फुरणाची, हे ठरवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे दुसऱ्या लेसरने तेच मापन करणे. रामन रेषा स्थानांतराच्या अक्षावर जागच्या जागी राहते. अनुस्फुरणाची रेषा निरपेक्ष तरंगलांबीला बांधलेली असल्याने त्या अक्षावर सरकते. माणकातील क्रोमियमची ६९२.९ व ६९४.३ नॅनोमीटरवरील जोडी हे याचे परिचित उदाहरण आहे.

मार्कंडा: वालुकाश्म व त्यावरील थर

मार्कंडा किंवा मार्कंडादेव हे गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यातील वैनगंगेच्या काठावरचे तीर्थक्षेत्र आहे. नदी येथे उत्तरवाहिनी होते. येथील शिल्पसमृद्ध मंदिरसमूह भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी एकोणिसाव्या शतकात त्याचे वर्णन केले होते. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. संरक्षित शिल्पाचा तुकडा काढून प्रयोगशाळेत नेणे हा सहसा पर्याय नसतो. दगडाला धक्का न लावता त्याचे व त्यावरील थरांचे रासायनिक स्वरूप जाणण्याची सोय हे रामन पद्धतीचे अशा ठिकाणी मोल आहे. लेसर चुकीचा निवडला किंवा त्याची शक्ती जास्त ठेवली, तर मात्र पृष्ठभागावर कायमचा डाग पडू शकतो.

ताज्या वालुकाश्मातील क्वार्ट्‌झ कोणत्याही लेसरने ओळखू येते. खरा प्रश्न असतो तो पावसाळी, दमट हवेत शतकानुशतके उभ्या राहिलेल्या पृष्ठभागाचा. त्यावर शैवाल, दगडफूल, काळपट जैविक थर, लोहाचे तांबूस डाग, चुन्याच्या जुन्या दुरुस्त्या आणि क्षारांची पुटे असू शकतात. जिवंत हरित थरातील हरितद्रव्य ६८० नॅनोमीटरच्या आसपास जोरदार अनुस्फुरण करते. ६३२.८ नॅनोमीटरच्या लेसरच्या दृष्टीने ही जागा सुमारे ११०० प्रति सेंटिमीटर एवढ्या स्थानांतराची आहे. चुन्याच्या दुरुस्तीतील कॅल्साइटची मुख्य रेषा १०८६ प्रति सेंटिमीटरवर असते. या लेसरने ती ६७९.५ नॅनोमीटरवर, म्हणजे हरितद्रव्याच्या झगमगाटाच्या ऐन मध्यावर पडते. अन्यत्र अतिशय उपयुक्त असलेला हेलियम-निऑन लेसर हिरवट पडलेल्या दगडावर म्हणूनच टाळणे श्रेयस्कर. ५३२ नॅनोमीटरने तेच अनुस्फुरण सुमारे ४१०० प्रति सेंटिमीटरवर जाते आणि बराचसा उपयुक्त भाग मोकळा राहतो, तर ७८५ नॅनोमीटरचा प्रकाश हरितद्रव्य फारसे शोषतच नाही.

दगडफुलाच्या बाबतीत दोन लेसरांची उत्तरे वेगळी असतात आणि दोन्ही उपयोगी पडतात. दगडफूल व शैवाल यांतील कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये निळा-हिरवा प्रकाश शोषतात. त्यामुळे ४८८ ते ५३२ नॅनोमीटरखाली अनुस्पंदनी रामन परिणाम घडून त्यांच्या ११५५ व १५२० प्रति सेंटिमीटरजवळच्या रेषा कैक पटींनी वाढतात. अत्यल्प रंगद्रव्यही दिसते, पण त्याखाली बाकीचे झाकले जाते. दगडफुलाच्या स्रावातून बनणाऱ्या कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या १४६३ व १४९० प्रति सेंटिमीटरच्या रेषा ७८५ किंवा १०६४ नॅनोमीटरने अधिक स्पष्ट होतात. सजीव थर अजून वाढतो आहे की त्याचा केवळ खनिज अवशेष उरला आहे, या संवर्धकाच्या प्रश्नाला यामुळे दोन बाजूंनी उत्तर मिळू शकते. जिप्समची १००८ प्रति सेंटिमीटरची रेषा कोणत्याही लेसरने सहज सापडते.

स्थळावर नेता येण्याजोगी उपकरणे बहुधा ७८५ किंवा १०६४ नॅनोमीटरची असतात. उघड्यावर मापन करताना सूर्यप्रकाश अडवण्यासाठी काळे कापड किंवा रबरी टोपण लावावे लागते.

अशा वारसास्थळी तरंगलांबीची निवड किती सूक्ष्म असू शकते हे अजिंठ्याच्या चित्रांतील निळ्या राजावर्ताच्या उदाहरणावरूनही समजते. या रंगातील गंधकाचा त्रिअणू आयन नारिंगी प्रकाश शोषतो, त्यामुळे ५१४ ते ६४७ नॅनोमीटरच्या टप्प्यात त्याची ५४८ प्रति सेंटिमीटरची रेषा अनुस्पंदनाने ठळक होते. ७८५ नॅनोमीटरखाली नैसर्गिक राजावर्तात सोबतच्या खनिजांची प्रदीप्तीच प्रामुख्याने दिसते. गंमत अशी की ही प्रदीप्तीदेखील नैसर्गिक व कृत्रिम निळा रंग वेगळे ओळखण्यास वापरली जाते.

लोहखनिज

एटापल्ली तालुक्यातील सुरजागड येथील लोहखनिजात हेमॅटाइट प्रमुख आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील लोहारा येथील लोहखनिजही प्रसिद्ध आहे. हेमॅटाइटच्या रेषा २२५, २९२, ४११, ६१२ व १३२० प्रति सेंटिमीटरच्या आसपास, गोएथाइटची प्रमुख रेषा ३८५ जवळ, तर मॅग्नेटाइटची ६७० जवळ असते. हेमॅटाइट हिरवा प्रकाश जोरात शोषते. ५३२ नॅनोमीटरने संकेत केवळ वरच्या पातळ थरातून येतो आणि सारी उष्णता त्याच थरात साठते. ७८५ नॅनोमीटरच्या फोटॉनची ऊर्जा त्याच्या ऊर्जा-अंतराहून कमी असल्याने शोषण तुलनेने कमी होते.

येथे धोका चुकीच्या निष्कर्षाचा असतो. तापलेले गोएथाइट पाणी गमावून हेमॅटाइट बनते. मॅग्नेटाइटही हवेत तापल्यास अखेरीस हेमॅटाइट होते. सूक्ष्मदर्शकाखाली काही मिलिवॅटचा लेसर एका मायक्रोमीटरच्या ठिपक्यात एकवटला की हा बदल मापन चालू असतानाच घडू शकतो आणि नमुन्यात मुळात नसलेले हेमॅटाइट सापडल्याची नोंद होते. लोहखनिजांसाठी शक्ती एक मिलिवॅट किंवा त्याहून कमी ठेवून सुरुवात करावी, नंतर ती टप्प्याटप्प्याने वाढवत वर्णपट बदलतो का ते पाहावे, अशी पद्धत रूढ आहे. तरंगलांबीपेक्षा ही खबरदारीच येथे अधिक महत्त्वाची आहे.

दगडी कोळसा

वर्धा खोऱ्यातील कोळशाच्या वर्णपटात कार्बनचे दोन रुंद पट्टे दिसतात: सुव्यवस्थित षट्‌कोनी जाळीचा जी-पट्टा १५८० जवळ आणि अव्यवस्थेचा डी-पट्टा १३५० जवळ. रामन स्थानांतर लेसरवर अवलंबून नसते या नियमाला डी-पट्टा हा ठळक अपवाद आहे. लेसरच्या फोटॉनची ऊर्जा एक इलेक्ट्रॉन-व्होल्टने बदलली की तो सुमारे ५० प्रति सेंटिमीटरने सरकतो. ५३२ नॅनोमीटरऐवजी ७८५ नॅनोमीटर वापरल्यास तो जवळजवळ ४० प्रति सेंटिमीटर खाली येतो. दोन पट्ट्यांच्या तीव्रतांचे गुणोत्तरही लेसरनुसार बदलते. कोळशाची परिपक्वता या गुणोत्तरावरून ठरवताना वेगवेगळ्या लेसरांनी मिळवलेले आकडे एकाच तक्त्यात मांडणे चुकीचे ठरते. कमी परिपक्व कोळशात सेंद्रिय द्रव्यांचे अनुस्फुरणही त्रासदायक असते. शिवाय काळा पदार्थ सर्वच तरंगलांब्या शोषत असल्याने तो सहज जळतो.

लाकूड

आलापल्लीच्या जंगलांमुळे प्रसिद्ध असलेल्या सागवानासह सर्व लाकडांतील लिग्निन दृश्य प्रकाशाखाली तीव्र अनुस्फुरण करते. लाकडासाठी १०६४ नॅनोमीटर ही प्रस्थापित निवड आहे. तिने लिग्निनचा १६०० आणि सेल्युलोजचा १०९५ प्रति सेंटिमीटरजवळचा पट्टा दिसतो. ओल्या लाकडातील पाणी या भागातील अवरक्त प्रकाश काही प्रमाणात शोषते, म्हणून नमुना वाळवून घेणे हिताचे असते.

मुखातील ऊती

तंबाखू, सुपारी व चुना यांचे मिश्रण असलेला खर्रा चंद्रपूर-गडचिरोली परिसरात सर्रास खाल्ला जातो. गडचिरोली जिल्ह्यात दारू व तंबाखू नियंत्रणासाठी २०१६ पासून मुक्तिपथ हे जिल्हाव्यापी अभियान चालवले जात आहे. तंबाखू आणि सुपारी ही दोन्ही मुखकर्करोगाची सिद्ध कारणे असून रोग लवकर ओळखल्यास उपचारांना यश येण्याची शक्यता पुष्कळ वाढते. ऊतीचा तुकडा न काढता, केवळ प्रकाशाने ती तपासता येईल का, या प्रश्नावर नवी मुंबईतील खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक या संस्थेत सी. मुरली कृष्ण यांच्या गटाने रामन पद्धतीने दीर्घकाळ काम केले. रुग्णांच्या मुखात प्रकाशतंतूची सळई टेकवून केलेल्या या मापनांत ७८५ नॅनोमीटरचा डायोड लेसर वापरला गेला.

ही निवड अनेक ओढाताणींतील तडजोड आहे. मुखाच्या अस्तरातील कोलॅजेन, फ्लेव्हिन व पॉर्फिरिन ही द्रव्ये हिरव्या प्रकाशाखाली अनुस्फुरण करतात, शिवाय हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश शोषते. जंबुपार प्रकाश डीएनएला अपाय करतो, म्हणून जिवंत व्यक्तीवर तो वर्ज्य. १०६४ नॅनोमीटरने अनुस्फुरण जवळपास संपते, पण संकेत इतका क्षीण होतो की रुग्णाला तोंड उघडे ठेवून बराच वेळ बसावे लागेल. ७८५ नॅनोमीटरला ऊती बऱ्यापैकी पारदर्शक असते, सिलिकॉनचा अभिज्ञातक चालतो आणि काही सेकंदांत वर्णपट मिळतो. निरोगी अस्तराच्या वर्णपटात मेदाच्या, तर अर्बुदाच्या वर्णपटात प्रथिनांच्या खुणा अधिक ठळक असतात. १००४ प्रति सेंटिमीटरची फेनिलॲलनीनची आणि १६५५ जवळची अमाइड-एक ही रेषा त्यांतील महत्त्वाच्या होत. प्रकाशतंतूच्या सिलिकाचा स्वतःचा रामन संकेत कमी स्थानांतराच्या भागात मिसळतो, म्हणून सळईच्या टोकाला गाळण्या बसवाव्या लागतात आणि विश्लेषण बहुधा १२०० प्रति सेंटिमीटरच्या वरच्या भागावर केंद्रित केले जाते. तंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडातील डाग व पुटे हा अनुस्फुरणाचा आणखी एक स्रोत असल्याने मापनापूर्वी तोंड धुणे आवश्यक असते.

विभेदन, ठिपक्याचा आकार व उपकरण

शून्य ते ३५०० प्रति सेंटिमीटर हा वर्णपट ५३२ नॅनोमीटरच्या लेसरने सुमारे १२२ नॅनोमीटरच्या पट्ट्यात दाटीने बसतो, तर ७८५ नॅनोमीटरने तो जवळपास ३०० नॅनोमीटरवर पसरतो. तेच विवर्तन जालक वापरल्यास लांब तरंगलांबीला एकमेकींजवळच्या रेषा अधिक चांगल्या विलग होतात. अवकाशीय विभेदनाचे याच्या उलट आहे. ०.९ संख्यात्मक द्वारकाच्या वस्तुभिंगाखाली ५३२ नॅनोमीटरचा ठिपका सुमारे ०.७ मायक्रोमीटरचा, तर ७८५ नॅनोमीटरचा १.१ मायक्रोमीटरच्या जवळपास असतो. पृष्ठवर्धित रामन पद्धतीत निवड धातूच्या कणांवरून होते. चांदीसाठी हिरवा, तर सोन्यासाठी ६३३ किंवा ७८५ नॅनोमीटरचा लेसर योग्य ठरतो, कारण सोने हिरवा प्रकाश स्वतःच शोषून घेते.

प्रत्येक लेसरला त्याची स्वतंत्र गाळणी, बहुधा वेगळे जालक आणि स्वतंत्र अंशन लागते. अंशनासाठी सिलिकॉनची ५२०.५ प्रति सेंटिमीटरची रेषा प्रमाण मानतात. एकच लेसर घेण्याइतका निधी असलेल्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत मुख्यतः खनिजे व अकार्बनी पदार्थ तपासायचे असल्यास ५३२, आणि औषधी द्रव्ये, बहुवारिके किंवा जैविक नमुने असल्यास ७८५ नॅनोमीटर घेण्याचा प्रघात आहे.

सुरक्षिततेच्या दृष्टीने ७८५ नॅनोमीटरचा किरण विशेष फसवा आहे. डोळ्याला तो जेमतेम लालसर दिसतो, त्यामुळे त्याची शक्ती कमी असल्याचा भास होतो. १०६४ नॅनोमीटरचा तर दिसतच नाही. दोन्ही दृष्टिपटलापर्यंत पोचतात आणि तेथे एकवटतात. ५३२ नॅनोमीटरसाठी बनवलेला संरक्षक चष्मा या तरंगलांब्यांना अडवेलच असे नाही, म्हणून लेसर बदलताना चष्माही बदलावा लागतो.